जोंग्याची खांदशेकणी

रुपरावचा पाय एका जागी ठरत नाही, हे वाडीच्या नाक्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण गेल्या पावसाळ्यापासून त्याला जे लागलं होतं ते पायाचं नव्हतं, जिवाचं होतं. नट आवळला की तो चार पावलं जायचा, परत यायचा, पुन्हा पाना लावून बघायचा. शटर ओढून घरात जायचा, चप्पल काढायचा, चप्पल घालायचा आणि पुन्हा शटरशी. घर त्याच्या गॅरेजच्या मागेच होतं, दोन खोल्यांचं, म्हणून निदान चप्पल झिजत नव्हती.

"त्या नटाले आता तुमची वळख पटली असंन," त्याची बायको प्रेमिला म्हणायची. "एक दिवस तो सोताच सांगन, बसलो म्हणून."

कारण होतं गोलू. गोलू म्हणजे लकडगंजच्या एका लाकूडवाल्याचा ड्रायव्हर, चाळिशीचा, हसरा माणूस. त्याच्या पिकअपमध्ये रुपरावनं दुसरं इंजिन बसवून दिलं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडात दोन बोटभर पिना ठोकायच्या असतात, जोड सरळ राहावा म्हणून. त्या ठोकायला तो विसरला. आठवड्यानं उड्डाणपुलाच्या उतारावर शाफ्ट तुटला, गाडी कठड्यावर गेली आणि गोलूचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. बिचारा दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाला, "मशीन हाय दादा, तुटतेच कधीतरी." त्याच संध्याकाळी रुपरावला त्या दोन पिना वायसरांच्या ट्रेमध्ये सापडल्या.

त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. प्रेमिलालाही नाही. पिना शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि शर्ट बदलला की त्याच पिना नव्या शर्टाच्या खिशात जायच्या. प्रेमिलाला वाटायचं, नवरा अपघातानं घाबरलाय.

म्हणून तिनं आपल्या भावाला, मधुसूदनला, गळ घातली होती. मधुसूदन वाडीतल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाचं काम पाहत होता. गेटवर सुपरवायझर हवा होता. खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता, आणि विसरण्यासारखं तिथं काही नव्हतं. मधुसूदननं सांगून ठेवलं होतं, पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत हो की नाही ते कळवा. रुपरावनं मनाशी एक ठरवलं. हातात असलेला जोंगा हा शेवटचा जोड. तो नीट बसला तर गॅरेज राहील. नाही बसला तर शटर खाली, आणि गेटवरची खुर्ची. तीस वर्षं ज्यानं पाना धरला तो खुर्चीचं नाव काढलं तरी उठून उभा राहायचा, पण आपल्याच हातावर भरवसा नाही म्हटल्यावर पाना तरी कोणत्या तोंडानं धरायचा?

जोंगा म्हणजे फौजेची जुनी गाडी. जीपपेक्षा थोराड, मागं ट्रकसारखा हौदा, चारही चाकांना ताकद. ही उमरेडकडच्या नत्थूजींची होती. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी लिलावातून ती आणली, त्याच वर्षी त्यांची शेवटची बैलजोडी विकली. काळ्या मातीत जिथं माणूस गुडघ्यापर्यंत रुतायचा तिथून ह्या गाडीनं कापूस वाहिला, सोयाबीन वाहिलं, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या. आणि पोळ्याला नत्थूजी तिला तोरणाखाली उभी करायचे, बैलांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षी गाव पोट धरून हसलं. आता तिची जागा कोणी घेतली तर गावच त्याला हटकायचं.

ह्या उन्हाळ्यात जुन्या पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक तडकला. नत्थूजींचा मुलगा अंकुर हुशार. त्यानं एका चेपलेल्या पिकअपचं चार वर्षांचं डिझेल इंजिन पाहिलं, पाच गिअरच्या बॉक्ससकट. आरटीओची परवानगी काढली आणि सगळं रुपरावच्या दारात आणून टाकलं. "पोळ्याले गाडी तोरणाखाली पाह्यजे, काका. नाही तं बाबा जेवाचे नाही," एवढंच म्हणाला.

पोळा तीन दिवसांवर आला तेव्हा नवं इंजिन चौकटीत बसलं होतं, नवी क्लच-प्लेट झाकणाखाली बोल्ट झाली होती, आणि गिअरबॉक्स मागं साखळीवर टांगलेला होता. त्या दिवशी नत्थूजी उमरेडच्या बसनं एकटेच आले. ऐंशीच्या घरातला माणूस, धोतर, टोपी, हातात काठी. त्यांनी उघड्या बॉनेटमध्ये पुष्कळ वेळ पाहिलं.

"रुपराव, एक सांग गा," ते म्हणाले. "बैल वढते तं वझं त्याच्या खांद्यावर येते. ह्या गाडीचा खांदा कोणता?"

रुपराव गाडीखाली होता. त्याचं अर्धं ध्यान बोल्टात, अर्धं खिशातल्या पिनांत. त्यानं पान्याच्या टोकानं दाखवलं. "हे पाहा. इकून इंजिन वढते, तिकून गाडीचं वझं येते. मंधात हे तबकडी, क्लच. सारं वझं हिच्यावर. हाच खांदा समजा."

"आन मंग हे झाकून जाईन?"

"उद्या संध्याकाळी गिअरबॉक्स लावला का झाकलं. मंग कोणालेच नाही दिसत."

"हां," म्हातारा म्हणाला, आणि काठी टेकत चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी रुपराव लकडगंजला गेला. नव्या गिअरबॉक्सला जोंग्याचा चारही चाकांना ताकद वाटणारा जुना डबा जोडायचा होता, त्यासाठी एक लोखंडी पाटी लेथवर वळवून घ्यायची होती. लेथवाला निवांत माणूस. रुपराव उठायचा, बसायचा, पाटीवर कॅलिपर लावायचा, पुन्हा लावायचा. शेवटी लेथवाल्यानं त्याला बाहेर स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही इथं उभे राहाल तं लोखंडही घाबरन."

रुपरावचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. त्याचा बाप मागावर जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडायचा. हजारो धागे. मग डोळे मिटून सगळ्यावरून बोट फिरवायचा. जोड बोटाला लागला तर उकलून परत करायचा. पोराला दुसरं काही शिकवलं नाही त्यानं, एवढंच शिकवलं. स्टुलावर बसून रुपरावला बापाचं ते बोट आठवत राहिलं.

चारला तो परत आला तेव्हा गॅरेजात साजूक तुपाचा वास होता. प्रेमिलानं पोळ्यासाठी लोणी कढवलं असणार, सणाच्या तोंडावर कोणत्या घरात कढवत नाहीत?

"नत्थूजी येऊन गेले," ती मागच्या दारातून म्हणाली. "चहा पाजला. बिचारे इतके हौशीनं, मी म्हटलं—"

"बरं बरं," रुपराव म्हणाला, आणि तोवर तो गाडीखाली शिरलाही होता. बायकोचं बोलणं अर्ध्यात टाकून पळायची खोड फार पुरुषांना असते, आणि तिची किंमत त्यांना बहुतेक त्याच आठवड्यात मोजावी लागते.

त्यानं खिशातल्या नव्हे, नव्या दोन पिना घेतल्या. ठोकल्या. बोटानं चाचपल्या. खडूनं दोन्हींवर खूण केली. बाहेर गेला, परत आला, खूण पाहिली. मग प्रेमिलाला साखळी धरायला लावली आणि गिअरबॉक्स पुढं ढकलला. शाफ्ट पहिल्याच दमात आत गेला. दोन्ही तोंडं मिळाली तिथं त्यानं डोळे मिटून बोट फिरवलं. जोड बोटाला लागला नाही. कितीतरी महिन्यांनी त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं.

तिसरा दिवस खांदशेकणीचा, पोळ्याच्या आदला, बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकायचा. सकाळी आठलाच त्यानं जोंगा सुरू केला. इंजिन असं गुमान चालत होतं की प्रेमिलानं विचारलं, सुरू झालं का? रुपराव हसला. गाडी रस्त्यानं व्यवस्थित गेली. गोदामांच्या मागं भरावाचा एक मोठा चढ होता, पावसानं चिखल झालेला. त्यानं चारही चाकांची ताकद लावली आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी चढावर घातली.

अर्ध्यावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी थांबली. रुपरावनं दाबलं तसं ते आणखी ओरडलं, चाकं मात्र हलेनात. खालून धूर आला. क्लच सुटत होता. ताकद येत होती आणि मधल्यामध्ये कुठंतरी सांडत होती.

तो गाडी उतारावरून मागं सोडत, रांगत रांगत घरी घेऊन आला. पार्किंग ब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. काय विसरलो? प्लेट उलटी लावली का? उलटी लागली तर अशीच सुटते. त्यानं प्लेट हातात घेतल्याचं आठवलं, झाकण लावल्याचं आठवलं, मधलं आठवेना. पिनांच्या नादात प्लेटच उलटी गेली असणार. एक सांभाळायला गेलं की दुसरं सुटतं, हेच तर झालं होतं गोलूच्या वेळी. उद्या पोळा, आणि तिकडं एक म्हातारा तोरणाखाली रिकामी जागा बघणार. रुपरावला स्वतःची इतकी चीड आली की त्यानं उजव्या हाताची मूठ दारावर आपटली. हात दुखला, तर तेही त्याला बरंच वाटलं.

मग त्यानं फोन काढला आणि मधुसूदनला लावला. हो म्हणून टाकायचं, म्हणजे एकदाची ही येरझार संपेल. घंटी वाजत राहिली. मधुसूदननं उचलला नाही.

प्रेमिला ओले कपडे वाळत घालायला बाहेर आली ती नाक वर करून थांबली. "हे काहून तूप जळल्याचा वास येऊन राहिला?"

"क्लच जळला," रुपराव म्हणाला. "माह्याच हातानं. प्लेट उलटी बसवली मी."

"क्लचाचा वास मले माहीत नाही का? तीस वर्षं झाले खाऊन राहिली मी तो वास. हे तूप हाय." ती गाडीजवळ आली, वाकली, पुन्हा हुंगलं. मग तिच्या हातातली चादर हळूच खाली आली. "अवो," ती म्हणाली, आणि तिचा चेहराच उतरला. "अवो, त्यांनी खांदशेकणी केली."

"कोणाची?"

"गाडीची. नत्थूजींनी. काल तुम्ही लकडगंजले गेले तवा. म्हणे, आज संध्याकाळी खांदा झाकून जाईन, मंग सणाच्या दिवशी शेकू कुठी? म्हणून आगाऊ केली. कोमट तूप-हळद, पळसाच्या पानानं. झाकणाच्या भोकाभोकातून आत सोडली बिचाऱ्यांनी, नीट, फिरवून फिरवून. मले वाटलं गाडीले तेल लागतेच न, तं तूप काय वंगाळ हाय?"

"आन तू पाहून राहिली?"

"पाहून काय राहिली," प्रेमिला म्हणाली, आणि खरं सांगायची तिची खोड इथंही आडवी आली. "तूप मीच दिलं वाटीभर. वरचं सांडलं ते पुसूनही काढलं, तुमाले घाण चालत नाही म्हणून. मी सांगतच होती, तुम्ही खाली शिरले."

रुपराव गाडीतून उतरला. त्यानं पाना उचलला. पुढचे तीन तास तो आणि प्रेमिला साखळी, जॅक आणि बोल्टांशी झटले. गिअरबॉक्स मागं ओढला तेव्हा आधी त्यानं पिना पाहिल्या. दोन्ही होत्या, खडूच्या खुणेसकट. मग झाकण काढलं. प्लेट सरळ होती. जशी हवी तशी. आणि तिच्या कडेला, आतपर्यंत, जळून करपलेला पिवळा थर होता. त्यानं त्यावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. हळद.

तो तिथंच जमिनीवर बसला. त्याच्या हातानं काही चुकलं नव्हतं. हसावं की म्हाताऱ्याच्या नावानं बोंब मारावी ते त्याला कळेना, डोळे मात्र भरून आले. प्रेमिलाला वाटलं हा आता आपल्यावर ओरडणार, म्हणून ती न सांगताच चहा टाकायला पळाली.

तूप प्यालेली प्लेट धुऊन कामाची राहत नाही. त्यानं नाक्यावरच्या दुकानातून दुसरी आणली, बाकी सारं पेट्रोलनं धुतलं, घासलं, पुन्हा बसवलं. पाचच्या सुमारास जोंगा त्याच चढावर गेला आणि मधे न थांबता माथ्यावर जाऊन उभा राहिला. रुपराव खाली उतरला, पण सुखानं नाही. आता त्याच्या आत राग उकळत होता. सकाळची ती दहा-पंधरा मिनिटं त्याला कोणी परत देणार नव्हतं. येऊ दे म्हाताऱ्याला. दुपारपासून शब्द तोंडात तयार होते.

सहाला अंकुरच्या मोटारसायकलवर मागं बसून नत्थूजी आले. पिशवीत बेगड, घुंगरांची माळ, पितळी वाटी आणि पळसाची पानं. ते थेट जोंग्यापाशी गेले आणि त्याच्या मडगार्डवर हात फिरवून म्हणाले, "काय गा रुपराव, खांदा मऊ पडला न?"

"मऊ?" रुपराव म्हणाला. "नत्थूजी, तुमच्या तुपानं गाडी जागची हालत नव्हती! चढावर अडली. धूर निघाला. अजून जरा दाबली असती तं पेट घेतला असता. कोणाले इचारून केलं तुम्ही हे?"

अंकुर चमकून बापाकडे पाहायला लागला. प्रेमिला दारात उभी होती ती तिथंच थिजली. नत्थूजींना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी वाटी हळूच बॉनेटवर ठेवली.

"माह्या हातानं जनावर अडलं?" ते म्हणाले. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि पाहत राहिले, उलटे करून, पुन्हा सुलटे करून. "चाळीस वर्षं खांदे शेकले मी. एकाही बैलाले कधी फोड आला नाही."

हाताकडे असं पाहणं रुपरावच्या ओळखीचं होतं. गेलं वर्षभर सकाळी तोंड धुताना तो स्वतः असंच पाहत आला होता. म्हाताऱ्यानं आज रात्री हे हात उशाशी घेऊन झोपू नये, एवढं त्याला एकदम फार वाटलं.

त्यानं खिशातून त्या दोन पिना काढल्या आणि नत्थूजींच्या तळहातावर ठेवल्या.

"हे पाहा," तो म्हणाला. "तुमचा खांदा मीच दाखवला, तवा चूक माहीही हाय. आन तुमचं तं तूप होतं, धुऊन निघालं. ह्या पिना मी एका गाडीत लावाच्या इसरलो. लकडगंजच्या गोलूचा हात मोडला माह्यामुळं. वर्ष झालं. त्याले वाटते मशीन तुटली. मी कोणाले सांगतलं नाही. हिलेही नाही."

प्रेमिलानं तोंडावर पदर धरला. वर्षभराची ती येरझार, ते शटर, त्या चपला तिला एका क्षणात समजल्या. तिला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, की हे एकट्यानंच वाहिलं.

नत्थूजींनी पिना बोटांत फिरवून पाहिल्या. केवढ्याशा. मग त्या रुपरावच्या हाती परत दिल्या. "हे गोलूले दाखव," ते म्हणाले. "पोळ्याची कर झाली का जा. मी येतो संग. दोघं म्हातारे उभे राहिले तं मारन नाही तो."

"जातो," रुपराव म्हणाला. शब्द निघाला आणि त्याला कळलं की आपण खरंच जाणार.

"आता बस तिथं."

"काहून?"

"बस म्हटलं न गा. तुह्यासारखं अचपळ जनावर मी पाह्यलं नाही."

रुपराव स्टुलावर बसला. नत्थूजींनी वाटीतलं तूप-हळद पळसाच्या पानावर घेतलं, प्रेमिलाला म्हणाले, "सूनबाई, जरा गरम पाणी आण वं," आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण स्वतःच काढलं. मग त्यांनी त्याचा एक खांदा शेकला, मग दुसरा, मग मनगटं, मग एकेक बोट, जिथं पान्यानं घट्टे पडले होते तिथं जास्त वेळ. म्हाताऱ्याचा हात खरबरीत होता आणि ऊन पाण्यानं गरम झालेला. रुपरावला वाटलं उठावं, शटर पाहून यावं, चढावरून आल्यावर बोल्ट पुन्हा पाहिले नाहीत. तो उठला नाही.

"वझं तं ह्या खांद्यावर होतं," नत्थूजी पुटपुटले. "मी भलतीकडंच तूप ओतलं." मग त्यांनी तूपभरल्या तळव्यानं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि चाळीस वर्षं बैलांच्या कानात जे सांगितलं तेच, तेवढ्याच मानानं, सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आन गाडी तूच घेऊन ये. तोरणाखाली तूच उभी करजो."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. प्रेमिलानं पुढं होऊन तो काढला आणि कानाला लावला. "मधुसूदन हाय," ती म्हणाली. "सकाळी तुम्हीच लावला होता म्हणते. काय सांगू?"

रुपरावनं आपले दोन्ही हात वर धरले. मनगटापासून बोटांपर्यंत पिवळे, चमकणारे.

"सांग त्याले," तो म्हणाला, "हात रिकामे नाही."